रामराम म्हणणारा बळीराम

नंदनवन वस्तीतल्या एका हॉलपुढं सकाळपासून रांग. साल अठ्ठ्याऐंशी. मेलेली माणसं कागदावर बोलतात, ही बातमी पार मौदा गावापर्यंत गेलेली. मंचावर विद्युतानंद महाराज आणि हारांत बुडालेला प्रिंटर. संगणक कुठंच नाही, हाच चमत्कार!

"आत्मा म्हणजे करंट! बल्ब फुटला म्हणून लाईन जाते का?" महाराज गरजले. टाळ्या पडल्या. आमच्याकडं लाईन रोजच जाते, हे कुणालाही आठवलं नाही.

शेजारची अंजनाबाई लेकीला आणि मला सोबत घेऊन आली होती. तिचा नवरा बळीराम वर्षापूर्वी टीबीनं गेला. आता तोच रोग लेकीला, कौशल्येला. मागच्या खेपेला अंजनाबाई एकटीच आलेली. महाराजांच्या चेल्यानं कागद वाचून दाखवला : बळीराम म्हणतो, पोरीच्या गोळ्या बंद कर, अंगारा दे. पाच आठवडे झाले, गोळ्या बंद.

"तू तं ऑफिसात संगणकावर बसतं. तू काहून ऐकलं वं?" मी कौशल्येला विचारलं.

"काका, आई वर्षानं पहिल्यांदा पोटभर जेवली." एवढं बोलायलाही ती दोनदा खोकली.

नंबर आला. प्रिंटर करकरला. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर. चेल्याच्या आधी कौशल्येनं कागद ओढला. 'रामराम अंजना, मी सुखात आहे.'

"आई, बाबानं कधी कोणाले रामराम केला का?"

अंजनाबाईनं नकारार्थी मान हलवली. छप्पन साली दीक्षा घेतलेला बळीराम मरतानाही डॉक्टरांना जयभीम करून गेला होता. चेल्यानं फॉर्मवर नाव, गाव, आजार सगळं लिहून घेतलं होतं. नमस्कार कसा करायचा, एवढंच विचारायचं राहिलं.

कौशल्येनं हार बाजूला फेकले. प्रिंटरच्या पाठीतून निघालेली केबल गादीखालून भिंतीच्या भोकात शिरलेली. पलीकडच्या खोलीचं दार मी लाथेनं उघडलं. आत संगणक. त्यापुढं एक माणूस, मांडीवर आमचाच फॉर्म.

"हा पोर्ट," कौशल्या संगणकाच्या पाठीवर बोट ठेवून, दम खात लोकांना सांगू लागली. "पंचवीस भोकं. याच्यात केबल बसते. आठ तारांवरून एकेक अक्षर जाते, बाकीच्या तारांवरून प्रिंटर सांगते, थांब, कागद संपला. त्याले अक्कल नाही. इकडं जे टाईप कराल तेच तिकडं उमटते."

तिनं त्या माणसाला टाईप करायला लावलं आणि केबल उपटली. प्रिंटर अर्ध्या शब्दावर थांबला. करंट चालूच होता. आत्मा काही आला नाही. महाराज मात्र मागच्या दारानं गेले.

अंजनाबाई ढसाढसा रडली. मला वाटलं, फसली म्हणून.

"ते वायर लाव ना वं परत," ती लेकीला म्हणाली. "खोटं असन तरी बोलू दे त्याले."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण रोग पाच आठवडे थांबला नव्हता. तिसऱ्या महिन्यात कौशल्या गेली. वय बावीस.

माझं सरळ सांगणं आहे. चमत्कार दिसला की हात जोडू नका, तार कुठं जाते ते पाहा. डॉक्टर थांब म्हणेपर्यंत गोळ्या सोडू नका. मेलेल्याचा आवाज ऐकण्यासाठी जिवंत लेक देऊ नका.