नोराबाईचा पाव, भागीरथाचा रस्सा

लेक ज्योत्सनानं आयर्लंडहून सुट्टीवर येताना सोबत आपली घरमालकीणही आणली, तेव्हा भागीरथाची पाचावर धारण बसली. पवनीत दोन खोल्यांचं घर, नवरा मुरारी तलावात जाळं टाकणारा, आणि पाहुणी सत्तरीची गोरीपान नोराबाई! भागीरथानं धावतपळत जाऊन नूडल्सची पाकिटं आणि क्रीमची बिस्किटं आणून ठेवली.

नोराबाईनं बिस्किटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ चुलीपाशी बसली, झाकण उचलून मरळ माशाच्या रश्श्याचा वास घेतला आणि काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणून राहिली व?”

“म्हणते, मी यासाठीच आली,” ज्योत्सना म्हणाली. तिथं दवाखान्यात नर्स असलेली ज्योत्सना सुट्टीच्या दिवशी रस्सा करायची, आणि नोराबाई भांडं पुसून खायची.

नोराबाईचं गाव समुद्रकाठचं. लांबलांबचे लोक तिथं कालवं, धुरी दिलेला मासा, ताकातला पाव, घरचं लोणी खायला आणि वर काळीभोर बिअर प्यायला येतात. नोराबाई त्यांना या घरून त्या घरी फिरवते.

“निस्तं खायले? इमानात बसून?” भागीरथा हसत सुटली. “काहून, त्याईच्या घरी चूल नाही का बाप्पा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नोराबाईनं कणीक मागितली, ताक मागितलं, खायचा सोडा मागितला. पीठ भिजवून तिनं लोखंडी पातेल्यात घालून चुलीवर ठेवलं, झाकण लावलं आणि झाकणावर चिमट्यानं निखारे रचू लागली.

“अवं, वरून कायले जाळते हे?” भागीरथा ओरडली.

“तिची आजी असाच पाव भाजे, माय.”

पाऊण तासानं झाकण उघडलं तर आत टम्म फुगलेला, भेगाळलेला, खरपूस पाव. एरवी दिवसात चार शब्द न बोलणाऱ्या मुरारीनं एक तुकडा रश्श्यात बुडवला, मग दुसरा, मग पावच जवळ ओढला.

“तुमी बाकीच्याईले ठेवसान का नाही?”

“दुसरा करा न,” मुरारी म्हणाला.

दुसरा पाव चुलीवर चढवून नोराबाई ज्योत्सनासोबत जुने बौद्ध अवशेष पाहायला गेली. भागीरथा निवांत मासे साफ करत बसली. दुपारी दारात गाडीचा भोंगा वाजला. पाहते तर काय, गाडीतून नोराबाई-ज्योत्सनापाठोपाठ एकामागून एक अकरा माणसं उतरली! नागपूरहून अवशेष पाहायला आलेली ती मंडळी जेवायला हॉटेल शोधत होती. नोराबाईनं त्यांना परस्पर आवतण देऊन टाकलं होतं.

“अवं माय! अकरा?” भागीरथाच्या हातातला मासा सटकून बादलीत पडला. “पाच जणाईचाच रस्सा हाये घरात!”

“तिचं म्हणणं मीच त्याईले सांगितलं, माह्या मायच्या हातचं खाऊन पाहा म्हणून,” ज्योत्सना चाचरत म्हणाली.

मग एकच धांदल उडाली. मुरारी जाळं घेऊन सायकलवर सुसाट सुटला आणि पिशवीभर झिंगे घेऊन परतला. शेजारच्या कामिनीनं भाताचं मोठं पातेलं चढवलं. नोराबाई कोपरापर्यंत पिठात बुडालेली. ज्योत्सना निखारे वाहून वाहून काळीठिक्कर. भागीरथा मसाला वाटता वाटता मध्येच हसायची, तिचं पाहून नोराबाई हसायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

अंगणात पंगत बसली. पहिला घास तोंडात जाईपर्यंत भागीरथा दाराआडच उभी होती. मग तिनं डोकावून पाहिलं. पाहुणे मान खाली घालून पावानं ताटं पुसत होते. चष्म्यातल्या एका बाईंनी घाम टिपत विचारलं, “ताई, पुढच्या रविवारी मैत्रिणींना घेऊन आलो तर?”

भागीरथानं पदरानं तोंड पुसलं. तिला वाटलं, आपल्या जाळ्यात भलाथोरला मासाच लागला.

“या न,” ती म्हणाली. “पण आंधी फोन करा! आमच्या याईले मासे पकडा लागते!”