जयंतीची वायर

पाच डिसेंबरच्या सकाळी साडेनऊपर्यंत विकासने तो फ्रिज सहा वेळा बंद करून सहा वेळा चालू केला होता. सातव्या वेळी नुसते हात जोडायचे बाकी राहिले होते.

फ्रिज दिसायला मोठा देखणा. प्रवासी बॅगेएवढा, करड्या रंगाचा, वर हँडल, समोर निळे आकडे. लोक म्हणे असले फ्रिज गाडीत टाकून डोंगरात तंबू ठोकायला जातात. नायगावच्या मंडळाने मात्र तो मागवला होता शिवाजी पार्कच्या कडेला लागणाऱ्या आपल्या स्टॉलसाठी. तोही सरबतं ठेवायला नव्हे, लोकांचं इन्सुलिन ठेवायला. स्टॉलला वीज नव्हती. इन्व्हर्टरची एक दणकट बॅटरी होती, आणि तेवढ्यावर फ्रिज तीन दिवस आरामात चालेल असा विकासने हिशोब मांडला होता.

या सगळ्याच्या मुळाशी होत्या राधाबाई. हिंगोलीकडच्या, साठी उलटलेल्या, दर सहा डिसेंबरला न चुकता येणाऱ्या. मागच्या वर्षी त्यांनी आपलं औषध ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं, दोन दिवस मैदानात काढले आणि तिसऱ्या दिवशी रांगेत उभ्या असतानाच कोसळल्या. औषध उन्हाने नासलं होतं. इतक्या लांब येऊन, चैत्यभूमी दोन वळणांवर असताना, बाबासाहेबांना वंदन न करताच त्यांना दवाखान्यात जावं लागलं. यंदा "मी काही येत नाही बाई" म्हणाल्या, तेव्हा विकासच्या आईने, मीराबाईने, फोनवर सांगून टाकलं होतं, "तुम्ही फक्त या ताई. तुमचं औषध थंड ठेवायचं माझ्याकडे लागलं."

शब्द मीराबाईचा, फ्रिजची जबाबदारी विकासची, आणि राधाबाई दुपारी दोनला पोचणार होत्या.

मीराबाई मागे कापडी पडद्याआड पुऱ्यांची कणीक तिंबत होती. गळ्यातल्या कार्डावर 'भोजन विभाग' असं छापलेलं. हात परातीत होते, पण कान पुढे. फ्रिज चालू झाला की बारीक गुरगुर यायची, मनात एक-दोन मोजेपर्यंत टिकायची आणि टक्क करून बंद. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. उठू पाहणाऱ्या माणसाला कुणीतरी खांदा दाबून खाली बसवावं, तसा आवाज.

हा आवाज तिला अनोळखी नव्हता. घोडपदेवच्या एका गाळ्यात तिने तेवीस वर्षं पंख्यांच्या आणि मोटरींच्या वाइंडिंगचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून भरायचं, काम केलं होतं. गेली होती झाडलोट करायला. शिकवलं कुणी नाही, बघत गेली, चुकत गेली, दोन-चार कॉइली जाळल्या, आणि शेवटी अशी वेळ आली की अवघड मोटर आली की मालकच म्हणायचा, "मीराबाईला दाखवा." पाच वर्षांपूर्वी गाळा बंद झाला. तेव्हापासून विकास कुणालाही तिची ओळख करून देताना सांगायचा, "आई पूर्वी पंखे भरायची." त्यातला 'पूर्वी' तिला दातात अडकलेल्या भाजीच्या काडीसारखा टोचायचा. पण पोराला काय बोलणार?

"बॅटरीच बाद आहे," पलीकडे विकास म्हणत होता. तो परळच्या एका कंपनीत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. "बघ ना, स्क्रीनवर स्पष्ट येतंय, बॅटरी लो."

"बाद कशी असेल?" मयूर तडकला. मंडळाची लायटिंग, साउंड, सगळं खातं मयूरचं. "दोन दिवस चार्जिंगला लावली होती. माझ्या पोरांपेक्षा जास्त लक्ष दिलंय तिच्यावर."

"मग सेटिंगची भानगड. बॅटरी उतरली की हा स्वतःहून बंद होतो. ती लिमिटच खाली आणतो, म्हणजे हा घाबरणार नाही."

विकासने बटणं दाबली. फ्रिज चार मिनिटं चालला. टाळ्या पडल्या. मग टक्क.

तेवढ्यात औषधांच्या दुकानात काम करणारी दर्शना याद्या घेऊन आली. विकासने लावून ठेवलेल्या तापमानावर तिची नजर गेली आणि ती ओरडलीच. "मायनस पाच? विकासदादा, कुल्फी लावताय का? इन्सुलिन एकदा गोठलं की फेकायचं. दोन ते आठच्या मध्ये पाहिजे!"

"अगं, लवकर थंड व्हावं म्हणून..."

"थंड तर होऊ दे आधी," मयूर पुटपुटला.

मीराबाईने हात धुतले, पदर खोचला आणि पडदा सारला. "बघू."

"आई, हे पंख्यासारखं नसतं. इलेक्ट्रॉनिक आहे सगळं."

"आत मोटर आहे ना?"

"कॉम्प्रेसर आहे."

"त्याच्या पोटात काय असतं मग? मोटरच ना? तू सरक."

तिने फ्रिजला हातही लावला नाही. त्याच्यातून निघालेली वायर दोन बोटांत धरली आणि तिच्या मागोमाग चालू लागली. गर्दीचा धक्का लागू नये म्हणून बॅटरी पार मागे, पुस्तकांच्या खोक्यांपाशी ठेवली होती, आणि फ्रिज पुढे, लोकांना दिसावा म्हणून. मधलं वीस फुटांचं अंतर मयूरने स्वतःजवळची वायर जोडून भागवलं होतं. फ्रिज पुन्हा गुरगुरला, बंद पडला. मीराबाई मधेच थांबली आणि वायर गालाला लावली.

"मयूर, तुझी ती जुनी स्कूटर आणलीयस ना?"

"आणलीय. का मावशी?"

"तिचा मागचा बल्ब काढून दे."

"मावशी, पोलीस धरतील!"

"संध्याकाळच्या आत परत देते. काढ."

बल्बला दोन वायरी बांधून तिने तो आधी बॅटरीवर धरला. फ्रिज गुरगुरला; बल्ब होता तसाच लख्ख. मग पुढे येऊन, जिथे वायर फ्रिजला मिळत होती तिथे धरला. लख्ख. सगळे वाकून बघत होते. फ्रिज गुरगुरला, आणि बल्ब विडीच्या टोकासारखा लालसर होऊन बसला. टक्क. पुन्हा लख्ख.

"बॅटरी ठणठणीत आहे," मीराबाई म्हणाली. "फ्रिजही. वीज वाटेतच खाल्ली जातेय. फ्रिजला वाटतं बॅटरी मेली. त्याचं काय चुकलं? त्याच्यापर्यंत जेवढं पोचतं तेवढंच तो सांगणार. ही वायर कुठली रे?"

मयूर छाती काढून म्हणाला, "जयंतीची. चौदा एप्रिलला आमची अख्खी चाळ उजळली होती हिच्यावर. एक दिवा गेला नाही!"

"ते बारके दिवे रे. त्यांना चिमूटभर लागतं. मोटर उठताना घागरभर मागते. शहाळ्याच्या स्ट्रॉने तू टाकी भरायला निघालायस. हात लाव, कशी कढत झालीय."

मयूरने हात लावला, मग विकासने. विकासने जरा जास्त वेळ लावून ठेवला.

"मग बॅटरीच पुढे आणू," तो म्हणाला.

"नको. ती मागे ठेवलीस ते बरोबर केलंस, उद्या इथे मुंगीला जागा नसेल. घरी जा. बाथरूमच्या वरच्या माळ्यावर निळा डबा आहे."

विकासच्या चेहऱ्यावर ओळख पटत गेली. "ते भंगार?"

"तेच भंगार."

कोंडीराम, म्हणजे विकासचे वडील, मिलमध्ये वायरमन. चाळीतल्या आपल्या खोलीला मीटरपासून त्यांनी चार एमएमची जाडजूड तांब्याची वायर ओढली होती. खोलीत एक बल्ब आणि एक पंखा. एवढ्यासाठी मनगटाएवढी वायर कशाला, म्हणून शेजारीपाजारी हसले होते. कोंडीराम म्हणाले होते, "पुढे लागेल." पुढे मिल गेली, कोंडीराम गेले, चाळही पाडायला घेतली. नव्या टॉवरमध्ये जाताना मीराबाईने स्टुलावर चढून ती वायर भिंतीतून सोडवून घेतली, तेव्हा विकास चिडला होता. बाविसाव्या मजल्यावर कचरा न्यायचा का म्हणाला होता. तिने वायर निळ्या डब्यात भरली होती. डबा मात्र स्वतः लिफ्टमधून वर नेला होता.

विकास पाऊण तासात डबा घेऊन आला. मीराबाईने टोकं चाकूने चकचकीत खरवडली, पिळे घट्ट मारले, स्क्रू आवळले, बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज ठेवला. मयूर चिकटपट्टी घेऊन पुढे सरसावला, तर म्हणाली, "पट्टी शेवटी. आधी काम, मग पट्टी. तू नेहमी उलटं करतोस." विकासने खाली आणलेली लिमिट तिने त्याच्याकडूनच परत होती तिथे लावून घेतली. "फ्रिजसाठी बॅटरी पार उतरवून मारायची नाही. आणि आकडा चारवर ठेव."

बटण दाबलं. बल्ब किंचित झुकला, सावरला. गुरगुर सुरू झाली. मीराबाई मनात मोजत होती. दोन. दहा. वीस. शंभरावर तिने मोजणं सोडलं, कारण निळा आकडा एकतीसवरून तीसवर आला होता आणि मयूर उगाचच दर्शनाशी हात मिळवत होता.

राधाबाई अडीचला पोचल्या. आकडा पाचवर होता. त्यांनी पोलक्यातून पुडकं काढून दोन्ही हातांनी पुढे केलं. मीराबाईने चिठ्ठीवर नाव लिहून ते आत ठेवलं. संध्याकाळपर्यंत आणखी सतरा पुडकी आली.

दुसऱ्या दिवशी राधाबाई पहाटे रांगेत लागल्या. दुपारी बाराला परत आल्या तेव्हा पाय सुजलेले, चेहरा मात्र निवलेला. "झालं माय वंदन," एवढंच त्या म्हणाल्या. विकासने झाकण उघडून पुडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बाटली काढून गालाला लावली.

"थंडगार हाय की! कुनी केलं व हे?"

पडद्याआड मीराबाई कढईपाशी उभी होती. झारा तेलात, कान पुढे.

"माझ्या आईने," विकासचा आवाज आला. "वाइंडर आहे ती."

कढईतली पुरी तेवढ्यात चांगलीच लाल होऊन गेली. मीराबाईने ती कुणाला वाढली नाही. बाजूला काढली, फुंकर घातली आणि उभ्याउभ्या स्वतःच खाल्ली, अगदी चवीने.