दुनळीचा सांधा

कुलूपनानांचा जगात कोणावरच विश्वास नव्हता, आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीवर तर मुळीच नव्हता. त्यामुळे बंदूक दुकानात ठेवून घरी जायला ते काही केल्या तयार होईनात.

"तू माझ्या डोळ्यांसमोर काम कर. मी इथेच बसतो," ते म्हणाले.

दुकानात स्टूल एकच होतं. मिस्त्रीने ते मुकाट्याने त्यांच्याकडे सरकवलं आणि स्वतः उभा राहिला.

नानांचा जन्म एका गोदामाच्या किल्ल्या सांभाळण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर गोदाम सुटलं, राखण काही सुटली नाही. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, चार पावलं जायचे, परत यायचे आणि पुन्हा ओढून बघायचे. गल्लीने त्यांना कुलूपनाना हे नाव उगाच दिलेलं नव्हतं. शेजारी आपल्या भिंतीकडे रोज तसूभर सरकतोय, पोस्टमन पाकिटं उजेडात धरून वाचतो, आणि दूधवाल्याबद्दल तर बोलायलाच नको, अशी त्यांची ठाम मतं होती. या सगळ्यांचा बंदोबस्त म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून ही दुनळी घेतली होती. दुकानातली सगळ्यात स्वस्त.

मिस्त्रीने दस्त्यापासून नळ्यांची जोडी वेगळी केली, एका बोटावर लटकवली आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच टोला दिला. नळ्या खरखरल्या.

"चांगली जोडी असली की खणखणीत वाजते," मिस्त्री म्हणाला. "ही तडकलेल्या मडक्यासारखी बोलतेय. मधली पट्टी सुटलीय, नळ्याही एकमेकींपासून सुटल्यात. पडली होती का कुठे?"

"माझ्या हातून वस्तू पडत नाहीत."

"मग तापवली कोणी?"

"तापवली?" नाना स्टुलावरून उठलेच.

मिस्त्रीने नळ्या खिडकीपाशी नेल्या. वापरून वापरून वरचं काळं पॉलिश उडालं होतं आणि खालचं उघडं लोखंड दिसत होतं. त्यावर दोन ठिकाणी जांभळट निळे डाग होते, मध्ये वीतभराहून थोडं जास्त अंतर.

"या दोन नळ्या आणि ही पट्टी डाख देऊन, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या असतात. डाख बेताच्या आचेवरही वितळतो, पण उन्हात ठेवून काही वितळत नाही. लोखंड निळं पडेपर्यंत ही विस्तवावर होती. तीही एकदम दोन विस्तवांवर." मिस्त्रीने वीत लावून अंतर मोजलं, मग कोपऱ्यातल्या आपल्या चहाच्या शेगडीवर तीच वीत लावून बघितली. दोन्ही बर्नर बरोबर तेवढ्याच अंतरावर निघाले. "घरच्या शेगडीवर, नाना."

नानांनी मनातल्या मनात मोजणी केली. घरात माणसं तीन. एक ते स्वतः. दुसरा मुलगा, ज्याला शेगडी कुठल्या बाजूने पेटते हेही ठाऊक नव्हतं. आणि तिसरी सून. सून विजेच्या मीटरच्या कारखान्यात कामाला होती, आणि दिवसभर तिचं काम काय, तर तारांना डाख देणं!

"अशीच उडवली असती तर?" नानांनी हळूच विचारलं.

"नेम एकीकडे आणि छर्रे भलतीकडे. आणि फारच सैल झाली असती तर मग भरवसा नाही."

नानांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. म्हणजे आपल्याच हातात फुटावी असा डाव होता. म्हातारा गेला की घर मोकळं! लग्न होऊन आली तेव्हापासून ही पोरगी एवढी गोड का बोलते, याचा त्यांना संशय होताच.

मिस्त्री कामाला लागला. जुना डाख त्याने खरवडून काढला, नळ्यांच्या कुशी कानशीने आणि पॉलिशकागदाने लखलखीत केल्या, त्यांवर ॲसिड फिरवलं. मग पट्टी जागेवर बसवून सगळं तारेने घट्ट आवळलं आणि तारेखाली खिळे सारून ताण दिला. ज्योत तो एका जागी थांबू देत नव्हता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होता. डाखाची कांडी टेकवली की डाख पाण्यासारखा फटीत शिरायचा. नानांचं लक्ष मात्र नळ्या बदलल्या तर जात नाहीत ना, याकडे होतं. नळ्यांवरचा नंबर ते तळहातावर लिहून घेऊन आले होते.

बसल्या बसल्या त्यांनी मिस्त्रीला चोराची गोष्ट ऐकवली. ती त्यांनी गल्लीत सगळ्यांना ऐकवली होती, न्हाव्याला तर दोनदा. मागच्या महिन्यात, अंधार पडता पडता, मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीआड चोर दबा धरून होता. नानांनी सरळ बार टाकला. "असा पळाला म्हणतोस! त्यानंतर कोणाची हिंमत नाही झाली."

"कोणाला लागलं नाही ना?" मिस्त्रीने मान वर न करता विचारलं.

"थोडक्यात वाचला."

नळ्या गार झाल्या, उकळत्या पाण्याने धुऊन झाल्या, तेव्हा मिस्त्रीने पुन्हा टोला दिला. आता आवाज खणखणीत आला. "सांधा मी जोडलाय," तो म्हणाला, "पण पुन्हा शेगडीवर गेली तर पुन्हा सुटेल. घरात एकदा विचारून घ्या."

"विचारायचं कशाला? पकडतोच आता!" नाना म्हणाले आणि तळहातावरचा नंबर पडताळून निघाले.

जेवताना त्यांनी मुद्दाम आवाज चढवून सांगितलं, "बंदूक अगदी नवीकोरी झाली बरं का." मुलगा "हं" म्हणाला. सुनेचा घास मात्र हातातच राहिला. नानांनी ते बरोबर टिपलं.

तिच्या सुट्टीच्या दिवशी, मुलगा कामावर गेल्यावर, "दाढी करून येतो" असं सांगून ते बाहेर पडले आणि गल्लीला वळसा घालून चपला हातात घेऊन मागच्या अंगणात शिरले. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरताना त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावलं.

सून नळ्या घेऊन उभी होती. तिने त्या उजेडाकडे धरल्या, आत काडतूस नाही ना हे एकीतून पाहिलं, दुसरीतून पाहिलं. मग शेगडीवर आडव्या ठेवल्या आणि दोन्ही बर्नर पेटवले. खरं सांगायचं तर नानांना आनंदच झाला. आयुष्यभर इतक्या जणांवर संशय घेतला, पण मुद्देमालासकट सापडलेली ही पहिलीच.

"पकडली!" म्हणत ते मागच्या दाराने आत घुसले. "माझ्या हातात फुटावी म्हणून ना? घर हवंय ना तुम्हाला?"

तिने आधी गॅस बंद केला. तोंडावरचा रंग उडाला होता, पण आवाज स्थिर होता.

"फुटावी म्हणून नाही, नाना. पट्टी लोंबायला लागली की तुम्ही ती हातात घेणार नाही, हे मला माहीत होतं. उडूच नये म्हणून केलं."

"का? चोरांना रान मोकळं करायला?"

"चोर नव्हता. दोरीपाशी मी होते."

नानांची नजर खिडकीबाहेरच्या दोरीकडे गेली.

"दिवे गेले होते. वाळलेले कपडे काढत होते, तुम्हाला चादरीआडून हालचाल दिसली असेल. छर्रे चादरीतून आले. इथून गेले," तिने कानाजवळ हात नेला. "चादर मी गुपचूप टाकून दिली."

"मग... मग ओरडायचं नाही का?"

"ओरडले की. 'नाना, मी आहे, मी आहे,' असं दोनदा ओरडले."

नानांनी ते ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. चोर बेरकी आहे, घरातल्या बाईचा आवाज काढतोय, असं त्यांना त्या क्षणी वाटलं आणि त्यांनी चाप ओढला. गल्लीभर गोष्ट सांगताना एवढंच ते दरवेळी गाळत आले होते. का गाळतो, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"नवऱ्याला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी तुम्हाला इथे ठेवलं नसतं. मग तुम्ही कुठे गेला असता?"

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला ते पुढे झाले. ती झटकन मागे सरकली आणि भिंतीला टेकली. लगेच तिने सावरल्यासारखं केलं, हसण्याचाही प्रयत्न केला, पण पुढे काही आली नाही. नानांचा हात तसाच खाली आला. सगळं जग आपल्या वाईटावर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आपल्याच घरात कोणी आपल्याला भिऊन वावरत असेल, हे मात्र त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा नाना दारातच उभे होते. सून आतून मानेने नको नको म्हणत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"चपला नंतर काढ," ते मुलाला म्हणाले. "आधी मी काय सांगतो ते ऐक. मग मला या घरात ठेवायचं की नाही, ते तू ठरव."