वकिलांची निळी

कुठेतरी पाणी मुरतंय, हे गाडी रंगवायला दिली त्या पहिल्या आठवड्यातच सरोजिनीबाईंच्या ध्यानात आलं. फौजदारी वकिलाशी संसार केलेल्या त्या. जन्मभर वरणभाताबरोबर लोकांच्या खोट्या साक्षी ऐकत आल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, हे त्यांना खुद्द हरीभाऊंनीच शिकवलेलं. आणि आता हरीभाऊच प्रश्न संपायच्या आत उत्तरं द्यायला लागले होते.

"गाडीचं कुठवर...?"

"झालंच. रंग सुकतोय."

"मी येऊ का बघा..."

"नको. तिथं धूळ फार. तुला खोकला होईल."

यांना बायकोच्या खोकल्याची काळजी! लग्नानंतर पहिल्यांदाच. सरोजिनीबाईंनी पोळी लाटता लाटता नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात कागदावर आणखी एक खूण केली.

गाडी म्हणजे त्यांची फियाट. कर्जतच्या दहिवलीत हरीभाऊंना आडनावाने कमी आणि गाडीवरून जास्त ओळखायचे, 'निळीवाले वकील' म्हणून. तो निळा सरोजिनीबाईंनीच पसंत केलेला. बाळंतपणानंतर सौमित्रला घेऊन त्या याच गाडीतून घरी आल्या होत्या, आणि माणसांवर करावा तेवढाच जीव त्यांनी तिच्यावर केला होता. पण पत्र्याला गंज चढला, सौमित्र पुण्याला स्थायिक झाला, आणि निळी ताडपत्रीखाली जाऊन बसली. या वर्षी मात्र हरीभाऊंनी एकदम मनावर घेतलं. गाडी टोचन लावून लोधिवलीला सदूच्या गॅरेजमध्ये नेली. जुन्या हायवेला लागून सदूचं अंगण होतं, तिथंच तो पत्रा ठोकायचा आणि रंग मारायचा.

तेव्हापासून हरीभाऊ दिवसाआड चौक गावची एसटी धरून तिकडे जायला लागले. एकटेच. परत आले की चेहरा असा उजळलेला, की कोणत्याही बायकोला संशय यावा. शिवाय धांदरटपणा. चहाचा कप टेबलावर ठेवायचा तो कडेवर, आणि मग कपही गेला आणि चहाही. अंगणातली रोजची पायरी चुकायची. पेपर नुसता समोर धरून बसायचे, पान उलटायचंच नाही. मनात काही लपवलेलं असलं की माणसाचं हातापायाकडे लक्ष राहत नाही, असा सरोजिनीबाईंनी सरळ अर्थ लावला. सरळ अर्थ लावायची त्यांना भारी हौस.

आता लपवलंय काय? गेल्या दिवाळीत एक फार्महाऊसवाला येऊन गेला होता. कर्जतला आता शेतांपेक्षा फार्महाऊसं जास्त, आणि तिथल्या लग्नांत नवरदेवाला जुन्या गाडीतून मिरवायची फॅशन. तो निळी मागत होता. तेव्हा हरीभाऊंनी त्याला हाकलला. पण हाकललेला माणूस मागच्या दाराने येतोच की.

त्यातच एक दिवस हरीभाऊंच्या सदऱ्याच्या बाहीला रंग लागलेला दिसला. हिरवा.

"हे काय?"

"आपला निळा. दुसरं काय असणार?"

डोळ्यांदेखत इतकं धडधडीत खोटं नवरा सरोजिनीबाईंशी कधी बोलला नव्हता. गाडी विकली, म्हणजे विकलीच, आणि हे सदूकडे दुसऱ्याच कुणाच्या गाड्या बघत बसतात. त्या संध्याकाळी त्यांनी सदरा भिजत घातला आणि बाहीवरचा डाग नको तेवढ्या जोराने घासला. रागापेक्षा वाईटच जास्त वाटत होतं.

पुढच्या खेपेला हरीभाऊ सकाळच्या एसटीने गेले, आणि त्यांच्या मागच्या एसटीने सरोजिनीबाई. चौकला रिक्षा केली आणि सदूच्या अंगणात जाऊन उतरल्या.

अंगणात एक हिरवीगार फियाट उन्हात चमकत होती. पुढे आपल्याच नंबरची पाटी.

गाडी विकली नव्हती. क्षणभर त्यांना हायसं वाटलं. मग संशयाने फक्त घर बदललं.

"सदू, कुठल्या टेंपोचा उरलेला रंग थापलास रे आमच्या गाडीला? साहेब साधे मिळाले म्हणून?"

सदू हातातला पॉलिशपेपर टाकून उभा राहिला. "मी कशाला थापू वो बाय? सायबांनीच पास केलाय."

"साहेब हिरवा पास करतील?"

"आमची रीतच हाय. रंग मिसळायचा, डब्याच्या झाकनावर लावून उन्हात धरायचा. गिऱ्हाईक 'हाच' म्हनल्याबिगर फवारा मारत नाय मी." त्याने कुंपणाच्या तारेला टांगलेली झाकणं दाखवली. "ह्ये पयलं. तुमच्या दरवाज्याच्या आतून जुळवलेलं."

सरोजिनीबाईंनी पाहिलं. तो त्यांचाच निळा होता.

"सायब म्हनले, नाय, ह्यो काळपट दिसतोय. मंग ह्ये दुसरं केलं. ते बी नाय. जरा पिवळा टाक, म्हनले. असं करत करत ह्या शेवटच्यावर आलो, तवा म्हनले, हाच आपला निळा." सदूने मान खाजवली. "मी इच्यारलं, सायेब, नक्की ना? तर माज्यावरच भडकले. मला वाटलं, बदलायचा असंल रंग. आनि तुमास्नी सांगू नको म्हनले, नवल दावायचं हाय म्हनून."

झाकणं वाऱ्याने हलत होती. निळ्यापासून हिरव्यापर्यंत. सरोजिनीबाई एकेक झाकण बघत गेल्या, आणि मग कप आठवला, पायरी आठवली, न उलटलेलं पेपरचं पान आठवलं. इतके दिवस नवऱ्यावर पाळत ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

"अरे, आलीस?" हरीभाऊ गॅरेजच्या मागून येत होते. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात किल्ली. "आजच घेऊन येणार होतो. बघ, होती तश्शी निळी केली की नाही? बस. मी चालवतो, दोघं गाडीतूनच घरी जाऊ."

समोर हायवेवरून ट्रक धडाडत चालले होते. सरोजिनीबाईंना वाटलं, 'हो' म्हणावं. एवढा खूश झालेला माणूस. पण 'हो' म्हटलं की तो किल्ली फिरवणार होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाडी हिरवी आहे."

हरीभाऊ हसले. मग हसू थांबलं. "तुला सौमित्रने पढवलंय. मी गाडी चालवू नये म्हणून तुमचं आधीपासून चाललंय."

"सौमित्रला काही माहीत नाही."

"मग सदूने. सगळे एक झालात."

सदूने खाली पाहिलं. तेवढ्यात त्याची बायको विमलबाई घरातून चहाचा ट्रे घेऊन आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. हरीभाऊंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कोर्टात करायचे तसंच.

"विमलबाई, या गाडीचा रंग कोणता?"

"हिरवा," विमलबाई म्हणाली. "का वो?"

साक्षीदार फोडलेला नव्हता. एवढं हरीभाऊंना कळत होतं.

विमलबाईने ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहत राहिली. हरीभाऊंनी बॉनेटवर तळहात ठेवला, उचलला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा ठेवला.

"थोडं धुरकट दिसतं, एवढंच," ते म्हणाले. "वयामुळे असेल म्हटलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

हरीभाऊंनी तो हात चाचपून शोधला आणि किल्ली त्यात ठेवली. मग डाव्या बाजूचं दार उघडून आत बसले. सरोजिनीबाई दाराशी उभ्या राहिल्या. गाडी घरी आणायला सदूला सांगायचं होतं, डॉक्टरकडे उद्याच जायचं होतं, सौमित्रला फोन करायचा होता. यातलं काहीच त्यांना सुचत नव्हतं.

"सरोज," समोरच्या काचेकडे बघत हरीभाऊंनी विचारलं, "कसा हिरवा गं?"

त्यांनी पदराने डोळे पुसले, गाडीकडे नीट पाहिलं, आणि सांगायला लागल्या.