त्र्याहत्तरावी बस

आखाती देशातल्या, डोंगराकडच्या एका गावातली मुलींची छोटी शाळा बंद करायची आणि तिथल्या मुली मोठ्या गावातल्या शाळेत न्यायच्या, असं १९९८च्या मे महिन्यात ठरलं. सरकारी शाळांच्या विभागीय कार्यालयात लतिका बसची वेळापत्रकं बघायची. शहराला लागून असलेल्या वसाहतींपासून पार वाळवंटातल्या वस्त्यांपर्यंत बहात्तर बस तिच्या कागदावर धावत. आता त्र्याहत्तरावी. तिचे सुदानी साहेब कागद पुढे सरकवून म्हणाले, "पंचेचाळीस मिनिटं लिही. यल्ला, चल लवकर, आज पाठवायचंय."

लतिकाने तो कागद ड्रायव्हर अन्वरला दाखवला. अन्वर दापोलीकडचा, पंधरा वर्षं याच रस्त्यांवर गाडी हाकलेला.

"ताई, पंचेचाळीस मिनिटं जीपला लागतात," तो म्हणाला. "बसला पाच वस्त्यांवर थांबायचंय. मधे कच्चा रस्ता. दीड तास धरा."

तिने साहेबांकडून एक दिवस मागून घेतला. बुधवारी पहाटे शहरातल्या अल मजाज भागातल्या घरातून ती निघाली तेव्हा नवरा, मिथुन, म्हणाला, "तुला टाइप करायला सांगितलंय ना? मग बस मोजायला कशाला जातेस?"

"चुकीचं टाइप करायचं नाही म्हणून," ती म्हणाली.

रिकामी बस घेऊन दोघं गावात पोचले. पट एकोणतीस मुलींचा; त्यातल्या अकरा मोठ्या वर्गातल्या. शाळेची देखभाल करणारी हलिमा दाराशीच भेटली. तिने आधी त्यांना खजूर आणि कॉफी दिली, मग काय काम ते विचारलं. बोलणं अरबीत, अन्वर मराठी करून सांगायचा.

"ती म्हणते, मुलगे कुठेही जातील. मुलींना पहाटेच्या अंधारात घराबाहेर कोण पाठवणार? आणि बसमध्ये सगळे परके पुरुष."

"परका पुरुष म्हणजे तूच," लतिका म्हणाली.

"मीच," अन्वर हसला.

लतिकाने विचार केला आणि विचारलं, "हिला विचार, काय केलं तर पाठवतील?"

हलिमाने पेल्यांत पुन्हा कॉफी ओतली. मग म्हणाली, लहानग्यांची शाळा इथेच राहू द्या. मोठ्यांसोबत गावातली एक बाई बसमध्ये असू द्या. मग मी माझी थोरली पाठवीन. बाकीच्यांचं त्यांना विचारा.

परतताना अन्वरने पाचही वस्त्यांवर बस थांबवली. लतिका घड्याळ घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. मोठ्या गावातली शाळा आली तेव्हा एक तास बत्तीस मिनिटं झाली होती.

दुसऱ्या आठवड्यात तिने टिपण दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"तुला वेळ लिहायला सांगितली होती, सल्ला नव्हे."

"वेळच लिहिलीय सर. खाली त्या लोकांचं म्हणणं आहे."

"वर पाठवलं तर मला विचारतील की आधीची पंचेचाळीस मिनिटं कशी मोजली होती."

नोकरी जाईल का, एवढाच विचार लतिकाच्या डोक्यात होता. मुलीची, पर्णिकाची शाळा, घरभाडं, सगळं डोळ्यांसमोर आलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. "इन्शाल्ला," म्हणाले, आणि कागद ट्रेमध्ये टाकला.

सप्टेंबरमध्ये लहान वर्ग गावातच राहिले. मोठ्या मुलींसाठी वेगळी छोटी बस निघाली, दोनच थांब्यांची, एक तास पाच मिनिटांची. सोबतीण म्हणून हलिमाची नेमणूक झाली. शाळेची झाडलोट तिच्या जावेकडे गेली. अकरांपैकी नऊ मुली बसमध्ये चढल्या. उरलेल्या दोघी बहिणी होत्या, त्यांच्या वडिलांनी नकार दिला. लतिकाने हलिमाकरवी दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्या वेळी उत्तर आलं: थोरलीचं लग्न ठरलंय, धाकटीचं पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी धाकटी आली. लतिकाने यादीत दहावं नाव लिहिलं, स्पेलिंग अन्वरला विचारून घेतलं आणि कागद फॅक्सला दिला.