ब्लंट नावाची चिठ्ठी

मी 'ब्लंट' बोलतेय. डब्यातली एक चिठ्ठी. गोडगोड बोलून तुमचं मन राखणं मला जमणार नाही, आधीच सांगून टाकते.

माझा जन्म बडोद्याचा, रावपुऱ्यातला. तिथे लक्ष्मीकांत सर एका दुकानाच्या माडीवर इंग्रजी बोलण्याचा क्लास घेतात. त्यांच्या पत्नी निरुपमाबाई यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून आम्हा चाळीस चिठ्ठ्यांना घडवलं आणि सरांनी एकेकीवर माणसाच्या बोलण्याचं एकेक इंग्रजी विशेषण लिहिलं. माझ्या पाठीवर अजून 'आपली उपस्थिती प्रार्थ' एवढं छापलेलं आहे. पुढच्या बाजूला मी आणि खाली माझा अर्थ: फटकळ, तोंडावर बोलणारा.

दर शनिवारी डबा फिरतो. जी चिठ्ठी येईल तसं दोन मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं. 'आर्टिक्युलेट', म्हणजे मुद्देसूद बोलणारा, आली की पोरं खूश. समोरच्याला पटवून देणाऱ्या 'पर्सुएसिव्ह'चा तर काय तोरा! आणि मी आले की सर म्हणायचे, "राहू द्या, दुसरी घ्या." अहो, त्या लाजऱ्या 'शाय'लासुद्धा कुणी परत टाकत नव्हतं! मी काय कुणाचं घोडं मारलं होतं? केसाने गळा कापणाऱ्यांपेक्षा मी शंभर पटीने बरी.

जूनमध्ये मंदाताई क्लासला आल्या. करजणजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. तिथे शिफ्ट इन्चार्जची जागा निघणार होती आणि इंटरव्ह्यू इंग्रजीत होता. पण इंग्रजीपेक्षा मोठी अडचण मीच होते. आदल्या वर्षी एक पाइप गळायला लागला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर मॅनेजरला सांगितलं होतं, "साहेब, लाइन बंद करा. खाली दोघं आहेत, मरतील." साहेब म्हणाले, "मंदाबेन, जरा शांतिथी." म्हणजे जरा शांतपणे घ्या. तेव्हा ताईंनी स्वतःच लाइन बंद केली. वर्षाच्या शेवटी साहेबांनी त्यांच्या अहवालात 'कम्युनिकेशन'पुढे एकच शब्द लिहिला. मला.

"सर, एवढा डाग पुसून द्या," ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. डाग? असा जळफळाट झाला माझा!

तीन महिने त्या घोकत होत्या, "आय ॲम टॅक्टफुल, सर." म्हणजे मी कुणाला दुखवत नाही, सांभाळून बोलते. आणि इंटरव्ह्यूच्या आधीच्या शनिवारी डबा फिरला, तर नेमकी मी त्यांच्या हातात.

"बदला, मंदाताई," सर म्हणाले.

ताईंनी मला मुठीत घट्ट धरलं. मग म्हणाल्या, "नको सर. त्या दिवशी मी टॅक्टफुल राहिले असते, तर दोघांचा जीव गेला असता." आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी पाइपची सगळी हकिगत सांगितली. सरांनी चष्मा पुसला. "इंटरव्ह्यूत हेच सांगा," म्हणाले. जाताना ताईंनी मला मागून घेतलं आणि पर्समध्ये घातलं.

इंटरव्ह्यूत त्यांनी तेच सांगितलं आणि जागा मिळवली! त्यांच्या नव्या टेबलाच्या काचेखाली मी ऐटीत जाऊन बसले. वाटलं, जिंकलो.

कसलं काय! दिवाळीनंतर वैष्णवी नावाची नवी मुलगी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, "ताई, तुम्ही चुकीचा व्हॉल्व्ह उघडायला सांगताय."

ताईंचा चेहरा लाल झाला. "कुणाशी बोलतेस, कळतंय का?"

बाई, तुम्हीसुद्धा? मला त्यांची लाज वाटली, खरं सांगते.

पोरगी जागची हलली नाही. "तुमच्याशीच बोलतेय. आधी व्हॉल्व्हचा तक्ता बघा."

ताईंनी तक्ता बघितला. चूक त्यांचीच होती. दुसरा व्हॉल्व्ह उघडायला सांगून त्या खुर्चीत येऊन बसल्या आणि दिवसभर वैष्णवीशी एक शब्द बोलल्या नाहीत.

काल त्या वैष्णवीचा अहवाल लिहीत होत्या. 'कम्युनिकेशन'पाशी पेन थांबलं. मी खालून बघत होते. त्यांनी लिहिलं, 'ब्लंट'. पण पेन पुढे चाललं, 'म्हणून माझ्यानंतर ही जागा हिलाच द्यावी.'

आता लिहा मला, खुशाल कुणाच्याही नावापुढे लिहा. मी मान खाली घालणार नाही.