सगळ्यांचे काका

पिवळ्या फाटकापाशी व्हॅन थांबली आणि काकांनी सवयीने दोनदा हॉर्न वाजवला. वाजवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज रविवार आहे.

"अहो," मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "आपण शहरात निघालोय ना? की शाळेत?"

काकांनी जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. घराचं दार उघडलं आणि बेकरीवाल्यांची शेंडेफळ पोर धावत बाहेर आली. एक मोजा पायात, एक हातात, अंगात झोपेत चुरगळलेला फ्रॉक आणि पाठीला दप्तर. मागोमाग दुधाचा पेला सांभाळत तिची आजी. आज सुट्टी आहे, असं आजी जीव तोडून सांगत होती, पण त्या पोरीचा आजीपेक्षा काकांच्या हॉर्नवर जास्त विश्वास होता.

व्हॅन चालवणाऱ्या या माणसाचं वय जेमतेम छत्तीस. तरी सगळं गाव त्यांना काका म्हणायचं. शाळेतल्या पोरांनी सुरुवात केली, मग पोरांच्या आया म्हणू लागल्या, मग बाप. मिशा पिकलेला बेकरीवालासुद्धा पाव बांधून देताना "काका, सुट्टे द्या" म्हणायचा. एकदा तर त्यांच्या सासूबाईच चहा देताना बोलून गेल्या, "घ्या काका." त्या दिवसापासून बायकोला चिडवायला आयतंच निमित्त मिळालं होतं.

स्वतःची मुलगीही त्यांना काका म्हणायची, म्हणजे गाडीत. त्याचं असं झालं, की ती पहिल्यांदा शाळेत जायला लागली तेव्हा व्हॅनमध्ये बसल्या बसल्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, माझी बाटली." तो शब्द कानावर पडायचा अवकाश, शाळेच्या पहिल्या आठवड्यातली ती सगळी इवली पोरं एकदम भोकाड पसरून आपापल्या बाबाला हाका मारू लागली. शाळा येईपर्यंत काकांच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी त्यांनी लेकीला मांडीवर घेऊन समजावलं की घरात मी तुझा बाबा, पण गाडीत सगळ्यांचा काका. पोर शहाणी. तिने तो नियम असा काही पाळला की गाडीत ती त्यांना अहो-जाहो करायची. घरी "बाबा, तू जेवलास का?" आणि गाडीत "काका, तुम्ही दार नीट लावलं नाही." तिची जागाही ठरलेली होती. सीट दुसऱ्यांच्या पोरांना, आणि ती सगळ्यांत मागे, हत्यारांच्या लाकडी खोक्यावर, खाली घडी केलेलं पोतं घेऊन.

आज मात्र पुढची सीट तिची होती. शहरात जायचं, मासेघर बघायचं, बागेत डबा खायचा, आणि जाता-येता पुढच्या सीटवर बाबाशेजारी बसायचं, असं आठवडाभर आधी ठरलं होतं. एरवी रविवारी कुणाचं कपाट हलवायचं असायचं, कुणाचे पाहुणे आणायचे असायचे. नाही या शब्दाला काकांची जीभ कधी वळलीच नव्हती. या रविवारी मात्र फक्त आपण चौघं, असं त्यांनी लेकीला गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. ती पहाटेच आंघोळ करून, केसांना दोन रिबिनी बांधून पुढे बसली होती.

बेकरीवाल्यांची पोर फाटकातून ते सगळं बघत होती. हे लोक मासे बघायला चाललेत, हे तिला कळलं. ती दप्तरावर बसली आणि तिने तोंड उघडलं. आवाज यायला थोडा वेळ लागला, पण आला तो चांगलाच.

"न्या हो काका हिला," आजी म्हणाली. "तुमच्याबरोबर असली की मला घोर नसतो. मलाही जरा पाठ टेकता येईल."

काकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. लेकीकडे बघायचं काकांचं धाडस झालं नाही. "बरं, येऊ द्या," असं कुणीतरी म्हटलेलं त्यांना ऐकू आलं, आणि मग कळलं की ते आपणच बोललो.

आता खरी पंचाईत पुढेच होती. या पोरीला मागे बसलं की उलटी व्हायची. सगळ्या गाडीला ते ठाऊक होतं आणि गाडीच्या गाद्यांनाही. काका काही बोलण्याआधीच त्यांची लेक उठली. आईच्या आणि धाकट्या भावाच्या शेजारी चांगली ऐसपैस जागा होती, पण ती तिथे थांबली नाही. मागे गेली, पोतं झटकलं आणि खोक्यावर बसली.

"चला काका," ती म्हणाली. "निघा तुम्ही."

आठ वर्षांची पोर, रडली असती, भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी गाडी सुरू केली.

पण पोरांचं मन आणि रुसवा यांचं फार काळ जमत नाही. चार वर्षांच्या धाकट्याने वाटेत प्रश्नांची सरबत्ती लावली. मासे झोपतात का? मग पांघरूण कशाचं घेतात? ओलं होत नाही का? आई उत्तरं देता देता थकली, तेव्हा मागून ताईने जबाबदारी उचलली. मासे पांघरूण घेत नाहीत, कारण त्यांना हात नसतात, ते ओढून कोण घेणार, असं तिने सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं. शहराच्या अलीकडचा लांबलचक पूल आला तेव्हा पाचही जणांनी मिळून अशी काही आरोळी ठोकली की शेजारचा सायकलवाला दचकून कडेला गेला. आरशात काकांना लेकीच्या रिबिनी उडताना दिसल्या आणि त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला.

मासेघरात काळोख होता आणि भिंतीभर निळा उजेड. धाकट्याने काचेला नाक लावलं ते काढेचना. एक जाड ओठांचा मासा समोर येऊन त्यांच्याकडे रोखून बघत राहिला, तेव्हा दोघी मुली एकाच वेळी मुख्याध्यापकांचं नाव घेऊन हसत सुटल्या. काका मात्र एका माशाकडे धड बघू शकले नाहीत. त्यांचं सारखं मोजणं चालू होतं. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना ते दाराशी उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून आत सोडायचे. एका अनोळखी बाईंचा मुलगाही त्यांनी असाच मोजून आत घेतला. बायकोच्याही डोक्यावर हात ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "मलाही शाळेत सोडणार का, काका?"

दुपारी बागेत डबे उघडले. पाचव्या तोंडाचा हिशेब धरलेला नव्हता, पण बायकोने कसा कुणास ठाऊक सगळ्यांना पुरवला. बागेच्या मध्यावर घसरगुंडी होती. गावातल्या घसरगुंडीवरून पोरं उभ्याउभ्याही उतरायची, ही मात्र दुमजली घराएवढी, मध्ये दोन वळणं घेऊन खाली वाळूत येणारी. लेक शिडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. काका खाली बसून बेकरीवाल्यांच्या पोरीच्या बुटातली वाळू काढत होते. ती दर दोन मिनिटांनी "काका, टोचतंय" म्हणायची आणि काका वाकायचे.

लेक वर पोचली आणि तिने खाली बघितलं. तिथेच घोटाळा झाला. खालची माणसं एवढीशी दिसत होती, आणि मागे शिडीवर पोरांची रांग लागलेली, त्यामुळे परत फिरायचीही सोय नव्हती. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला.

"बाबा," तिने हाक मारली.

बागेतल्या बऱ्याच पुरुषांनी माना वर केल्या. कुणी आइस्क्रीम धरून होता, कुणी पेपर वाचत होता. काकांनी बुटाची नाडी ओढली आणि गाठ मारायला घेतली.

"बाबा, बाबा रे," आवाज आता कापत होता. एका गृहस्थाने शेजाऱ्याला विचारलं, तुमची का हो ती? शेजारी नाही म्हणाला. काकांनी दुसऱ्या बुटाला हात घातला.

मग वरून हाक आली, "काका!"

काका ताडकन उठले. हातातला बूट तसाच, चार ढांगांत ते घसरगुंडीच्या पायथ्याशी होते. वर बघतात तो आपलीच लेक, पांढरी पडलेली, रिबीन सुटलेली.

"सोड हात," ते म्हणाले. "काही होत नाही. खाली मी आहे."

तिने हात सोडला नाही. मागची पोरं कुरकुर करत होती. तिने वरून विचारलं, "मी म्हणजे कोण?"

काकांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

"बाबा," ते म्हणाले. मग वर ऐकू जावं म्हणून त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं, "बाबा आहे तुझा. ये."

तिने डोळे मिटले आणि हात सोडले. दोन्ही वळणं पार करून ती सरळ त्यांच्या पोटावर येऊन आदळली आणि दोघंही वाळूत आडवी झाली. ती हसत होती, गालांवर पाणी तसंच होतं.

"तू वळलाच नाहीस," ती म्हणाली. "मी किती वेळा बाबा म्हटलं."

"ऐकलं गं," काका म्हणाले. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी बाबाला बोलावतंय कुणी."

ते खरंच होतं. पण तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. गावातल्या कुठल्याही पोराने काका म्हटलं की झोपेतूनही उठणारा माणूस, आणि पोटच्या पोरीची हाक कानावरून गेली. त्यांनी तिच्या केसांतली वाळू झटकली, रिबीन बांधली. ती वेडीवाकडी बांधली गेली, पण तिने ती सोडू दिली नाही. मग तिने त्यांनाही वर नेलं. काका पहिल्या वळणावर अडकले ते अडकलेच. मागून दोघी मुलींनी पायांनी ढकललं तेव्हा कुठे सुटले. खाली बायको हसून हसून वाळूत बसली होती आणि धाकटा टाळ्या पिटत होता.

परतताना बेकरीवाल्यांची पोर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली. झोपली की तिला उलटी होत नाही, हा नवा शोध त्या दिवशी लागला. पुढच्या सीटवर लेक होती. पूल ओलांडेपर्यंत ती पाय हलवत समोर बघत होती.

"बाबा," मग तिने विचारलं, "आता गाडीत तुला बाबा म्हटलं तर चालेल?"

काकांनी विचार केला. उद्यापासून तीन नवी छोटी पोरं येणार होती. एकाला तर आईच्या ओच्यापासून सोडवतानाच अर्धा तास जाणार होता.

"छोटी रडतील गं," ते म्हणाले.

तिला ते पटलं असावं. "मग गाडीत काका. आणि गाडीबाहेर?"

"गाडीबाहेर बाबा."

"वळशील?"

"वळेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या फाटकापाशी दोनदा हॉर्न वाजला. बेकरीवाल्यांची पोर दोन्ही मोजे घालून आली, पुढे बसली आणि काकांनी मला मुख्याध्यापकांसारखा मासा दाखवला, असं तिने सगळ्या गाडीला शाळा येईपर्यंत सांगितलं. मागे खोक्यावर लेक तीन नव्या रडक्यांची नाकं पुसत बसली होती. "काका, जरा हळू घ्या तुम्ही," ती मधेच म्हणाली, आणि काकांनी हळू घेतली.

शाळेच्या गेटपाशी त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना खाली उतरवलं. लेक नेहमीसारखी शेवटी, "येते काका" म्हणत उतरली आणि गर्दीत शिरली. काका सरकतं दार लावायला वळले. मुलांना सोडायला आलेल्या बापांची गेटसमोर दाटी झालेली. कुणी स्कूटरवर, कुणी पोराचं दप्तर अडकवून.

"बाबा!"

तेवढ्या सगळ्या बापांनी माना वळवल्या. पण त्यांच्या आधी वळला तो व्हॅनच्या दाराशी उभा असलेला बाबा, इतक्या घाईने, की दारात त्याचं बोट सापडता सापडता राहिलं.

"काय गं?"

लेक पायरीवर उभी होती, कालचीच वेडीवाकडी रिबीन लावून.

"काही नाही," ती म्हणाली. "बघत होते." आणि वर्गाकडे पळाली.